लांडग्यांच्या तोंडाचं कुलूप

प्लोनीच्या तोंडात शेवटी चारच दात उरले होते. वरचे दोन, खालचे दोन, आणि तेही एकमेकांसमोर येत नसत. काळा पाव ती दुधात भिजवून खायची. तिचं खरं नाव आपोलोनिया. जिचे दात धर्मासाठी उपटले गेले आणि दातदुखीवर लोक जिचा धावा करतात, त्या संतिणीचं नाव. गावातले गडी तिला त्यावरून चिडवायचे. ती म्हणायची, "माझ्या संतिणीनं स्वतःचे दात देवाला दिले, आणि माझे तिनं उसने नेले."

ती आमच्या हिंटरग्राब गावची नव्हे. खाली मूर नदीच्या काठी एका कोळसेवाल्याच्या खोपटात जन्मली, नवव्या वर्षापासून लोकांच्या घरी राबली, आणि सव्विसाव्या वर्षी आमच्या गावचा गुराखी ब्लासी याच्याशी लग्न करून वर आली. गुराख्याचं घर पुलापलीकडे, गाव संपतं तिथं. गुराख्याला चर्चमध्ये बाक नसतो, तो दाराशी उभा राहतो. शेतकऱ्याच्या मुलाच्या बाप्तिस्म्याला त्याला कुणी धर्मपिता म्हणून बोलवत नाही. हे सगळं प्लोनीला माहीत होतं आणि तिनं त्याबद्दल कधी तक्रार केल्याचं मी ऐकलं नाही. दाराशी उभं राहिलं की मिस्सेची प्रार्थना संपल्यावर पहिलं बाहेर पडता येतं, एवढंच ती म्हणायची.

ब्लासीकडे एक कुलूप होतं. त्याच्या बापाकडून आलेलं, मुठीएवढं, लोखंडी. एप्रिलच्या शेवटी, संत जॉर्जच्या दिवशी पहाटे गावातली सगळी गुरंमेंढरं खालच्या कुरणात गोळा करायची. मग गुराखी उघडं कुलूप हातात घेऊन त्यांच्याभोवती तीन फेऱ्या घालायचा आणि म्हणायचा, "पेत्रा, स्वर्गाच्या दारावरच्या, तुझी किल्ली आण. रानातल्या त्या कुत्र्याचं तोंड मिट, त्याचा घसा मिट, त्याच्या पिलांचं तोंड मिट, बर्फ पडेतो." लांडग्याचं नाव त्या दिवशी कुणी तोंडातून काढत नसे. तिसऱ्या फेरीला कुलूप खटकन लागायचं. ते थेट नोव्हेंबरात, संत मार्टिनच्या दिवशी, गुरं गोठ्यात आल्यावर उघडायचं. मधले सहा-साडेसहा महिने ते गुराख्याच्या कमरेला असायचं, किल्ली गळ्यात. त्याबद्दल प्रत्येक घरातून त्याला एक पाव आणि चीजची एक वडी मिळायची. फादर आम्ब्रोस आधी मेंढरांवर पवित्र पाणी शिंपडायचे आणि मग कुलपावरही चार थेंब टाकायचे. मी ते माझ्या डोळ्यांनी चार वर्षं पाहिलं आहे.

ब्लासी छातीच्या तापानं गेला तेव्हा गावाची बैठक झाली. कारभारी रुपर्ट, ज्याची गुरं सगळ्यांत जास्त, म्हणाला, "बाईच्या हातचं कुलूप ते रानातलं जनावर मानेल का?"

कुणीतरी म्हणालं, "जनावराचं ठाऊक नाही, नवरा तरी मानत होता."

सगळे हसले आणि प्लोनीला ठेवलं. पाव मात्र अर्धा केला, कारण बाई माणूस किती खाणार. ती एकोणीस वर्षं आमची गुरं राखत होती. त्या एकोणीस वर्षांत लांडग्यांनी गावाच्या तीन मेंढ्या नेल्या. शेजारच्या खोऱ्यात एका उन्हाळ्यात तेवढ्या जात.

मी या गावात फाइटची बायको म्हणून आले तेव्हा वीस वर्षांची होते. माझी पहिली दोन मुलं मेलेलीच जन्मली. दुसऱ्या वेळी सासूबाईंनी ते फडक्यात गुंडाळून नेलं आणि मुलगा होता की मुलगी ते मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. तिसऱ्याला दिवस गेले तेव्हा मी संत अॅनाला नवस बोलले, कुणाला न सांगता.

जुलै महिना होता, मारिया माग्दालेनाचा दिवस. गावातलं प्रत्येक माणूस गवत कापायला वर गेलेलं. माझं पोट पहाटेच दुखायला लागलं. सुईण नदीपलीकडच्या वाडीत अडकली होती, तिथंही एक बाई अडलेली. दुपारपर्यंत माझ्यात ओरडायचीही ताकद राहिली नाही. सासूबाई दारात गेल्या आणि वरच्या उतारावर मेंढरं चारणाऱ्या प्लोनीला त्यांनी हाक मारली. मेंढ्यांची अडलेली कोकरं तीच सोडवायची.

प्लोनी आली, तिनं कोपरापर्यंत हात धुतले, डुकराची चरबी लावली, आणि मला म्हणाली, "बुर्गी, पोरी, मेंढी ओरडत नाही म्हणून तिला दुखत नाही असं नाही. तू ओरड." मग हात घालून बघितलं. "पाय आधी आहेत," ती म्हणाली. "आणि अडकलंय."

आमच्याकडे बाई अडली की घरातलं जे जे बंद आहे ते उघडतात. सासूबाईंनी पेट्या उघडल्या, पिठाची कोठी उघडली, गोठ्याचं दार उघडलं, गाईंची दावी सोडली. माझी वेणी सोडली. स्वतःच्या कमरेची नाडी सोडली. फाइटच्या रविवारच्या बुटांच्या नाड्यासुद्धा सोडल्या. कितीतरी वेळ घरात नुसता कड्याकोयंड्यांचा आवाज चालला होता, आणि मूल जागचं हलत नव्हतं. मग त्यांची नजर प्लोनीच्या कमरेवर गेली.

"प्लोनी, ते काय आहे?"

"ते यातलं नाही, मालकीणबाई."

"कुलूपच ना?"

"मार्टिनच्या दिवसापर्यंत उघडायचं नाही ते. गावाचं आहे, माझं नाही."

"घरातलं एक कुलूप बंद आहे म्हणून मूल बंद आहे," सासूबाई म्हणाल्या. "मी काय आंधळी आहे?"

प्लोनीचा एक हात माझ्या गुडघ्यावर होता. आणि मी बोलले. मला पूर्ण शुद्ध होती. खिडकीच्या काचेवर एक मोठी माशी वर चढत होती आणि खाली पडत होती, तीसुद्धा मला दिसत होती. मी म्हणाले, "मावशी, उघड. माझं तिसरं आहे गं हे."

"आणि गावाला काय सांगू?"

"मी सांगेन. मी म्हटलं म्हणून उघडलंस असं मी सगळ्यांना सांगेन."

तिनं गळ्यातली किल्ली काढली. चरबीनं बोटं बुळबुळीत झाली होती, किल्ली दोनदा निसटली. कुलूप उघडून तिनं ते माझ्या उशाशी ठेवलं आणि परत हात घातला. आता लोक काहीही म्हणोत, मी फक्त झालं ते सांगते. त्यानंतर फार वेळ लागला नाही. मुलगा झाला, निळा पडलेला. प्लोनीनं त्याच्या तोंडातलं चोखून काढून थुंकलं, त्याला पायाला धरून उलटा केला, कोकराला करतात तसा, आणि तो रडला. त्याचं नाव किलियान.

प्लोनीनं हात धुतले, ताकाचं सूप प्यायली, मग कुलूप पुन्हा लावून ते शब्द म्हटले. म्हटल्यावर मान हलवली. "पहाटेचे शब्द दुपारी कुठले लागायला," असं काहीतरी पुटपुटली आणि मेंढरांकडे गेली.

इथपर्यंत फक्त आम्हा तिघींनाच माहीत होतं. तिनं तोंड मिटून ठेवलं असतं तर पुढचं काही झालं नसतं. पण तिला गावानं एका कामासाठी ठेवलं होतं, आणि त्या कामात खोट आली होती, तर ते गावाला सांगायला नको का? असं तिचं डोकं. त्याच दिवशी दूध काढायच्या वेळेला ती तेराच्या तेरा घरांच्या दारात गेली आणि म्हणाली, "कुलूप आज उघडलं होतं. मी परत लावलंय, पण भरवसा नाही. मार्टिनपर्यंत मेंढरं संध्याकाळी आत घ्या."

आत कुठे घेणार? गोठे ताज्या गवतानं भरलेले, आणि सगळी चराई वर डोंगरावर. लोक वैतागले. रुपर्टच्या दारात तर चांगलीच बोलाचाली झाली.

"कशाला उघडलंस?"

"बाळंतपणाला. फाइटची बायको अडली होती."

"माझ्या बायकोच्या वेळी नाही उघडलंस ते."

"तुमची बायको शिंकली तरी मूल पडतं, कारभारी. तिला कुलूप कशाला?"

अंगणातले गडी हसले. रुपर्टची बायको आत पीठ मळत होती. ती हसली नाही.

आणि मी? मी बाळंतिणीच्या खाटेवर होते. आमच्याकडे बाळंतीण सहा आठवडे उंबरा ओलांडत नाही. मी सांगेन म्हटलं होतं, पण कुणी विचारायला आलं नाही, आणि आलेल्या बायका बाळाचे डोळे कुणासारखे यावरच बोलत राहिल्या. मला ते बरंच वाटलं.

बाराव्या दिवशी वरच्या कुरणात लांडगे आले. चौदा मेंढ्या आणि रुपर्टच्या दोन कालवडी, त्यातली एक गाभण. प्लोनी एकटी होती. काठी घेऊन त्यांच्यात घुसली, ओरडून ओरडून घसा बसवून घेतला, आणि उरलेली मेंढरं घेऊन खाली आली. तिचा घागरा फाटला होता, पण अंगावर ओरखडा नव्हता. रुपर्ट तिच्याभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "चौदा मेंढ्या फाडल्या आणि तुला शिवले नाहीत? ओळखतात वाटतं तुला."

ती बसलेल्या घशानं म्हणाली, "माझ्यावर मांस कुठं आहे."

त्या दिवशी लोक हसले नाहीत. पुढच्या आठवड्यात खालच्या किल्ल्यावरून दोन शिपाई आले आणि तिला घेऊन गेले. आधी नुसतं म्हणणं होतं की तिनं मुद्दाम लांडगे मोकळे सोडले. चेटकीण हा शब्द रुपर्टच्या बायकोनं काढला, विहिरीवर. माणसाचा लांडगा होतो ही गोष्ट आमच्याकडे सगळेच ऐकून असतात. ती कुणाच्या तोंडून आधी निघाली ते मला सांगता येणार नाही. सप्टेंबर लागेपर्यंत ती सगळ्यांच्याच तोंडी होती.

फाइट खालच्या खानावळीतून बातमी घेऊन आला. किल्ल्यावरचा कारकून तिथं पीत बसला होता. त्याचं म्हणणं, शहरातून न्यायाधीश येतोय, आणि सगळं एका गोष्टीवर अडलंय. अडलेल्या बाईच्या घरच्यांनी सांगितलं म्हणून उघडलं असेल, तर तो अडाणीपणा. हातात मेणबत्ती घेऊन तीन रविवार चर्चच्या दाराशी उभं राहायचं, पाव-पाण्यावर उपास, आणि सुटली. पण कुणी न सांगता आपल्या मनानं उघडलं असेल, तर तो दुष्टावा. मग छळाचे चिमटे आणि दोर, आणि शेवटी मरण.

फाइट हे सांगून चुलीजवळ बसला आणि बूट काढू लागला.

मी म्हणाले, "मग सांगू या. आपण सांगितलं होतं."

सासूबाई भांडं घासत होत्या. त्यांनी हात थांबवला नाही. "सांग. मग ते विचारतील, तुम्हाला माहीत होतं ना ते कशाचं कुलूप आहे? माहीत असून उघडायला लावलंत? मग तिच्या शेजारी आपण दोघी. आणि हा?" त्यांनी पाळण्याकडे हनुवटी केली. "लांडग्याचं तोंड उघडलं तेव्हा आला. जन्मभर लोक दुसरं काही म्हणतील त्याला?"

"म्हणून तिला मरू द्यायचं?"

"मरेल कशाला. म्हातारीला काय करणार आहेत ते. हाकलून देतील फार तर." मग थोड्या वेळानं, हळू आवाजात, "तुला शुद्ध नव्हती, बुर्गी. इतकी अडलेली बाई शुद्धीवर नसते. ते काही खोटं नाही."

मी फाइटकडे पाहिलं. तो म्हणाला, "मी गवत कापत होतो. मला काय माहीत." आणि बूट चुलीजवळ वाळत ठेवले.

सासूबाई वाईट बाई नव्हत्या. माझी मेलेली दोन मुलं त्यांनीच पुरली होती. बाप्तिस्मा न झालेल्यांना कबरस्तानात जागा नसते, म्हणून चर्चच्या वळचणीला, छपराचं पाणी पडतं तिथं, रात्री जाऊन खड्डा केला होता, निदान पवित्र छपराचं पाणी तरी लागावं म्हणून. हे मला फार नंतर कळलं.

सुनावणीला आम्हाला किल्ल्यावर बोलावलं. मोठ्या दालनात मेजामागे न्यायाधीश, एक कारकून, आणि बाजूला रुपर्ट आणि फादर आम्ब्रोस. प्लोनी एका स्टुलावर होती. तिचे केस कापले होते. तिला तशी पाहून माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल, तर मेंढीची लोकर कातरल्यावर ती किती लहान दिसते ते.

न्यायाधीशानं आधी फादरना विचारलं, की त्या कुलपाला चर्चनं आशीर्वाद दिला होता का.

"मी मेंढरांवर पाणी शिंपडत असे," फादर म्हणाले. "बाईच्या हातात काय होतं तिकडे माझं लक्ष नव्हतं."

प्लोनीनं मान वर केली आणि त्यांच्याकडे पाहिलं. फादर आपल्या बाह्या नीट करत होते.

मग सासूबाई. "माझ्या घरची कुलपं मी उघडली. तिचं तिनं उघडलं. आम्ही सांगितलं नाही."

मग मला पुढे बोलावलं. क्रुसावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. क्रूस लाकडाचा होता, खूप हात लागून तेलकट झालेला. न्यायाधीश चांगलं बोलत होता, हळू, मला भीती वाटू नये म्हणून. "या बाईला कुलूप उघडायला तू सांगितलंस का?"

मी म्हणाले, "मला शुद्ध नव्हती, महाराज."

"काहीच आठवत नाही?"

"नाही."

प्लोनी स्टुलावरून उठली. शिपायानं तिला खाली दाबलं. मला वाटलं होतं ती रडेल, किंवा काहीच बोलणार नाही. ती भडकली होती. तिचं तोंड लाल झालं होतं आणि त्या चार दातांमधून थुंकी उडत होती.

"खोटं बोलतेस गं. माझ्याकडे बघून बोल. तिसरं आहे म्हणालीस, मी सांगेन म्हणालीस. तुझ्या पोराच्या तोंडातली घाण मी माझ्या तोंडानं काढली. क्रुसावर हात ठेवून खोटं बोलतेस. भोगशील, बुर्गी. तू भोगशील आणि ते पोरही भोगेल."

न्यायाधीश कारकुनाकडे वळला. "लिहून घ्या. आरोपी बाईनं साक्षीदाराला आणि तान्ह्या मुलाला शाप दिला."

कारकुनानं लिहिलं. लेखणीचा आवाज ऐकू येत होता. मला बाहेर नेलं आणि कुणीतरी प्यायला पाणी दिलं. लोक म्हणाले, बिचारी, कशी थरथरतेय.

पुढचं सगळं मला फाइटकडून कळलं, आणि त्याला त्या कारकुनाकडून. चौकशी नऊ दिवस चालली. पहिल्या दिवशी ती नाही म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिला दोराला टांगलं. चौथ्या दिवशी तिनं कबूल केलं की सैतानानं तिला एका डबीत मलम दिलं, ते लावलं की ती लांडगी होते. कालवडी तिनंच खाल्ल्या. न्यायाधीश नीटनेटका माणूस असावा. त्यानं विचारलं, या चार दातांनी? ती म्हणाली, लांडगी झाले की दात येतात. मग त्यांनी तिच्या घरात डबी शोधली. मेंढ्यांच्या खुरांना लावायची चरबी आणि राळ मिळाली, ती पुरली. अंगावर जखम का नाही विचारल्यावर ती म्हणाली, मलमानं भरून येते. कारकून म्हणे सांगत होता, म्हातारी शेवटी शेवटी इतकं सुरेख उत्तर द्यायची की प्रश्न संपायच्या आधी उत्तर तयार. खानावळीत सगळे हसले. फाइटही थोडा हसला असावा, कारण मला सांगताना त्याचं तोंड तसंच होतं.

मग तिला विचारलं, तुझ्याबरोबर आणखी कोण लांडगा होतं. हे विचारतातच. एकटी चेटकीण कुणाला नको असते.

हे कळल्यावर मी आणि सासूबाई तीन आठवडे धड जेवलो नाही. दारावर कुणाची सावली पडली की सासूबाई पाळण्यापाशी जाऊन उभ्या राहायच्या. आम्ही एकमेकींशी त्याबद्दल एक अक्षर बोललो नाही. भरल्या सभेत तिनं मला शाप दिला होता. ती आता माझं नाव घेणार नाही तर कुणाचं घेईल? तिच्या जागी मी असते तर घेतलं असतं. मी कुमारी मारियेपुढे गुडघे टेकून बसायचे आणि प्लोनीचं तोंड मिटू दे म्हणून प्रार्थना करायचे. आता सांगताना कळतं, की कुलूप लावतानाचे शब्दही तेच होते, तोंड मिट, घसा मिट. तेव्हा कळलं नाही.

तिनं पाच नावं दिली. आपला नवरा ब्लासी. त्याचा बाप. मूर नदीकाठचा तिचा स्वतःचा बाप. रुपर्टची आई. आणि आधीची सुईण, जी मी लग्न होऊन आले त्याच वर्षी वारली. पाचही जण मातीखाली. कारकुनानं सगळी नावं लिहून घेतली आणि मग चौकशी केल्यावर न्यायाधीशाच्या लक्षात आलं. तोवर तिच्यात पुन्हा विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं.

तिनं मला वाचवलं असं मला म्हणवत नाही. कदाचित दोराला टांगल्यावर जिवंत माणसांची नावं आठवतच नसतील. कदाचित माझं नाव तिला आपल्या तोंडी नको असेल. तिच्या मनात काय होतं ते ती आणि देव जाणे.

ऑक्टोबरच्या शेवटी नदीकाठच्या मैदानात तिला जाळलं. कृपा म्हणून आधी दोरानं गळा आवळला. प्रत्येक घरानं एक भार लाकूड द्यायचं असा हुकूम होता. आम्ही देवदाराचं दिलं, कारण बीच झाडाचं, जास्त वेळ जळणारं, आम्हाला थंडीसाठी लागणार होतं. फाइटनं ते गाडीतून नेलं. मी गेले नाही. बाळाला ताप आहे असं सांगितलं. बाळाला ताप नव्हता.

त्या हिवाळ्यात लांडगे गावात शिरले. कुत्री नेली, गोठ्याची फळी उचकटून रुपर्टचा घोडा फाडला. वसंतात पलीकडच्या खोऱ्यातून नवा गुराखी आणला. संत जॉर्जच्या आदल्या दिवशी रुपर्टनंच त्याला विचारलं, पहाटे फेऱ्या घालशील ना? तो म्हणाला, "गुरं राखायला आलोय, कारभारी. तुमच्या गावात असलं काही करायला मी वेडा नाही." त्याला पूर्ण पाव द्यावा लागला. उन्हाळ्यात एकवीस मेंढ्या गेल्या आणि त्याबद्दल कुणावर खटला झाला नाही.

किलियान धड वाढला. तीन वर्षांचा झाला तेव्हा मी त्याला घेऊन विहिरीवर गेले होते. रुपर्टच्या बायकोनं आपल्या मुलीचा हात धरून तिला मागे ओढलं. "त्याच्याजवळ नको. लांडग्याचा आहे तो." एवढं सहज म्हणाली, जणू गावात हे सगळ्यांना ठाऊकच होतं. होतंच. प्लोनी तेरा दारांत जाऊन सांगून आली होती, की कुणाच्या बाळंतपणात कुलूप उघडलं. मी न्यायाधीशापुढे काय बोलले त्यानं किलियानच्या बाबतीत काहीच बदलणार नव्हतं. हे आधी सुचायला हवं होतं. सासूबाई तोवर गेल्या होत्या, नाहीतर त्यांना सांगितलं असतं.

ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या दिवसांत मी पापाची कबुली द्यायला गेले. तीन वर्षं मी इतर सगळं सांगत आले होते, हे सोडून. फादर आम्ब्रोस जाळीपलीकडे होते. त्यांच्या श्वासाला कांद्याचा वास येत होता. मी सगळं सांगितलं. माशीसुद्धा सांगितली. क्रुसावर हात ठेवून खोटं बोलले आणि त्यामुळे एक बाई मेली, असं म्हणाले.

ते म्हणाले, "तिनं स्वतः कबूल केलं होतं, पोरी."

"नंतर. आधी मी बोलले."

"न्यायालयानं आपलं काम केलं. तू खोटी शपथ घेतलीस, तेवढं तुझं."

"फादर, तुम्ही कुलपावर पाणी टाकत होतात. दर वर्षी. मी पाहिलंय."

ते म्हणाले, "प्रायश्चित्त म्हणून तीन जपमाळा म्हण," आणि क्षमेचे लॅटिन शब्द भराभर म्हणून टाकले.

पहिली मी तिथंच गुडघ्यांवर म्हटली. दुसरी घराचा चढ चढताना. तिसरी गाई दोहताना, बोटांवर मोजून, कारण हात ओले होते. दूध गाळायच्या आत तीनही संपल्या.

पुढच्या रविवारी मी पुन्हा गेले. म्हणाले, फादर, ते फार थोडं झालं, आणखी काही द्या. अनवाणी यात्रा सांगा, वर्षभर उपास सांगा, काहीही.

ते म्हणाले, "क्षमा मिळाली आहे. मिळालेली क्षमा पुरत नाही म्हणणं हा गर्व आहे. तो करू नकोस."

माझ्या मागे रांगेत आणखी चार बायका होत्या. मी उठले आणि त्यांना जागा दिली.